धाक कीं धीर?

मनुष्य बेकार कां राहतो, ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्या लोकांत बहुधा एका शब्दांत दिलें जातें, आणि तो शब्द म्हणजे आळस. ज्याला हात आहेत त्याला काम आहे, बसून खाणारास कुबेराचें धनही पुरत नाहीं, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ह्या बोलण्यांत कांहीं सत्य आहे. परंतु त्यांत एक गोष्ट न बोलतां धरून चाललेली असते. ती ही कीं, काम शोधण्याचा यत्न हा त्या मनुष्याचा एकट्याचा गुण किंवा एकट्याचा दोष होय, दुसऱ्या कोणाचा त्याशीं संबंध नाहीं. हें खरें आहे काय? आणि खरें नसेल, तर बेकार मनुष्याच्या यत्नाची जबाबदारी आणखी कोणावर येते? ह्या दोन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

हा विचार शहरांतील गिरण्या-कारखान्यांपुरताच आहे असें कोणी समजूं नये. खेड्यांत ज्याला चार अक्षरें येतात त्याच्या दारीं आज ना उद्यां कोणी तरी येतो आणि म्हणतो, "मास्तर, आमच्या पोराला कुठं तरी चिकटवा." अशा वेळीं दोन उत्तरें जिभेवर तयार असतात. एक असें कीं, "आधीं त्याला हातपाय हलवूं द्या, घरीं बसून नोकरी चालत येत नाहीं." दुसरें असें कीं, "काळजी करूं नका, होईल कांहीं तरी." पहिल्यांत धाक आहे, दुसऱ्यांत धीर आहे. दोन्ही उत्तरें देणारा मनुष्य आपणांस भला समजतो. परंतु त्या पोराचें पाऊल कोणत्या उत्तरानें उचलेल, आणि उचललें तर कोणत्या वाटेला लागेल, हें आपण क्वचितच तपासून पाहतों.

तपासावयाचें तर, दुसऱ्यास कामाच्या शोधास लावणें हाच ज्यांचा रोजचा धंदा आहे अशा लोकांकडे पाहणें बरें. युरोपांतील पुष्कळ देशांत सरकारनें अशीं माणसें नेमलीं आहेत. त्यांपैकीं स्वित्झर्लंड ह्या लहानशा डोंगराळ देशाचें उदाहरण आपण घेऊं; कारण तेथील कचेऱ्यांच्या नोंदींचा विद्वानांनीं फार बारकाईनें अभ्यास केला आहे. तेथें नोकरदाराच्या पगारांतून बेकारीच्या विम्याची वर्गणी कापली जाते. पुढें काम सुटलें तर पूर्वीच्या पगाराच्या शेंकडा ७०, आणि पदरीं मुलें असल्यास शेंकडा ८०, इतका भत्ता त्यास ठराविक मुदतीपर्यंत मिळतो. परंतु त्याबरोबर कांहीं बंधनेंही येतात. रोजगार-कचेरींत त्याच्यासाठीं एक सल्लागार नेमिलेला असतो. हा सल्लागार त्यास वेळोवेळीं भेटीस बोलावितो, महिन्यांत किती ठिकाणीं अर्ज केले पाहिजेत तो आंकडा ठरवून देतो, व केलेल्या अर्जांची यादी तपासतो. यादी अपुरी निघाली तर कांहीं दिवसांचा भत्ता बुडतो. तेव्हां हा एकच मनुष्य एकीकडे मित्र आहे आणि दुसरीकडे न्यायाधीश आहे. एकाच अंगावर दोन झगे आहेत.

प्रथम प्रश्न असा कीं, अशा मनुष्याच्या असण्यानें किंवा नसण्यानें कांहीं फरक पडतो काय? अमेली शिप्रोव्स्की ह्या विदुषीनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ह्याचा शोध मोठ्या युक्तीनें घेतला आहे. सल्लागार हाही मनुष्यच आहे. तो कधीं अकस्मात् आजारी पडतो आणि ठरलेली भेट होत नाहीं. ह्यांत बेकार मनुष्याचा गुण नाहीं कीं दोष नाहीं; उद्योगी मनुष्याचा सल्लागारही आजारी पडतो आणि सुस्ताचाही पडतो. म्हणून ज्यांची भेट झाली व ज्यांची चुकली, त्यांची तुलना न्यायाची होते. आरंभींच्या दिवसांतील एक भेट ज्यांची अशी चुकली, ते सरासरीनें १० दिवस अधिक बेकार राहिले. म्हणजे त्यांच्या बेकारीची मुदत सुमारें शेंकडा ५ नें लांबली. एका भेटीची किंमत एवढी आहे! परंतु ह्याच निबंधांतील पुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. सल्लागारांचे त्यांच्या कामगिरीवरून तीन वर्ग पाडले, तेव्हां पहिल्या वर्गांतील सल्लागाराची भेट चुकल्यास हा तोटा दुप्पट होतो असें आढळलें. आणि शेवटच्या वर्गांतील सल्लागाराची भेट चुकल्यास कांहींच तोटा आढळला नाहीं. खुर्ची तीच, नियम तेच, वही तीच. परंतु एक जण न आला तर कोणाचे वीस दिवस जातात, आणि दुसरा आला काय व न आला काय, समोरच्या मनुष्यास सारखेंच.

ह्यावरून आपल्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. बेकार मनुष्याचा यत्न हा त्याच्या एकट्याचा नव्हे. तो दोघांच्या मध्यें वाढतो किंवा सुकतो. ज्याच्या हातीं वही आहे त्यानें समोरच्याच्या आळसाचा हिशेब करण्यापूर्वीं, आपल्या भेटीनें त्याचा यत्न वाढला कीं जेथल्या तेथें राहिला, ह्याचाही हिशेब करावा, हें न्याय्य आहे.

आतां धाक बरा कीं धीर बरा, ह्याकडे वळूं. धाकाच्या पक्षानें बोलणाऱ्यांजवळ पुरावा नाहीं असें कोणी समजूं नये. त्याच देशांत कोणी सल्लागार स्वभावानें कडक असतो आणि महिन्यास अधिक अर्ज मागतो. कोणी मऊ असतो आणि थोडक्यावर भागवितो. कोणता बेकार कोणाच्या पदरीं पडेल, हें पुष्कळ अंशीं चिठ्ठी टाकल्याप्रमाणेंच ठरतें. २०१९ सालच्या एका अभ्यासांत ह्या गोष्टीचा उपयोग करून असें काढलें आहे कीं, दरमहा एक अर्ज अधिक मागितला तर बेकारीची मुदत सुमारें शेंकडा ३ नें कमी होते. त्यापूर्वीं, २०१० सालीं, तिघा विद्वानांनीं प्रसिद्ध केलें होतें कीं, आपल्या माणसांशीं गोडीगुलाबीनें व एकमतानें वागण्यास जे सल्लागार कमी महत्त्व देतात, त्यांच्या माणसांस काम लागण्याचा संभव कांहींसा अधिक असतो. दयाळू वाचकांस हें ऐकून वाईट वाटेल. परंतु जें आढळलें तें आपणांस आवडत नाहीं म्हणून टाकून देणें बरें नव्हे.

आणि विचार केला तर ह्यांत नवल तरी काय आहे? ज्यानें दहा ठिकाणीं अर्ज केला व दहाही ठिकाणांहून नकार ऐकला, तो अकरावा अर्ज उद्यांवर टाकतो. उद्यां तो परवांवर जातो. त्याला काम नको आहे असें नाहीं; त्याला आणखी एक नकार नको आहे. अशा वेळीं अमुक तारखेस आपणांस कोणी तरी विचारणार आहे, ही जाणीव त्यास उठविते. जो सल्लागार कांहींच विचारीत नाहीं, 'असूं द्या, पुढच्या महिन्यांत पाहूं' म्हणतो, तो पुष्कळदां दुसऱ्याचें मन राखीत नसतो; तो आपलें स्वतःचें मन राखीत असतो. अप्रिय शब्द बोलण्याचा त्रास त्यास नको असतो. त्याच्या ह्या गोडपणाची किंमत मात्र समोरचा मनुष्य भरतो, आणि ती दिवसांनीं व महिन्यांनीं भरतो.

तरी पण धाकाच्या बाजूचा हिशेब येथेंच पुरा होत नाहीं. २०१९ च्या त्याच अभ्यासांत असेंही आढळलें कीं, जे आपण होऊन खटपट करीत असतात त्यांच्यावर ह्या सक्तीचा परिणाम कमी होतो. आणि सक्तीनें मिळालेलें काम, थोडें कां होईना, कमी टिकतें. ह्याच्याही पलीकडे जाऊन ज्यांचा भत्ता प्रत्यक्ष कापला, त्यांचा अभ्यास २०१३ सालीं त्याच देशांतून प्रसिद्ध झाला. भत्ता कापल्यावर माणसें लवकर कामास लागलीं, हें खरें. परंतु जें काम त्यांनीं धरलें तें कमी दिवस टिकलें आणि त्याचा पगारही कमी होता. सर्व जमाखर्च मांडला असतां पुढील काळांत त्यांच्या हातीं आलेली रक्कम घटलेलीच दिसली. नुसत्या तंबीनेंही पुढचा पगार कमी झाल्याचें त्यांत दिसलें. म्हणजे धाकानें पाय जलद चालतात, पण डोळ्यांस निवड करण्यास वेळ मिळत नाहीं.

कोणी म्हणेल, "कमी पगाराचें कां होईना, काम तें काम. रिकामें बसण्यापेक्षां बरें." हें म्हणणें कांहीं लोकांविषयीं खरें आहे, विशेषतः ज्यांच्या घरीं आज चूल पेटावयाची आहे त्यांच्याविषयीं. परंतु चांगल्या सुतारास ओझीं वाहावयास लाविलें, तर त्याच्या हातची कला गंजते. आणि तें ओझ्याचें काम सुटलें म्हणजे तो पुनः त्याच कचेरीच्या दारांत उभा राहतो, पूर्वीपेक्षां थकलेला. वहींत मात्र एक नांव कमी झाल्याची नोंद असते. वहीचें समाधान आणि मनुष्याचें कल्याण ह्या दोन गोष्टी एकच आहेत असें धरून चालणें, हा अधिकाऱ्यांचा जुना मोह आहे.

धाकाचा दुसरा दोष ह्याहून खोल आहे. जो धाक घालतो त्यास यत्न दिसत नाहीं. यत्नाच्या खुणा तेवढ्या दिसतात. ब्रिटनमध्यें १९२१ पासून असा नियम होता कीं, भत्ता मागणारानें आपण खरोखर काम शोधीत आहों हें सिद्ध करून दाखवावें. १९२४ त तो सर्वांस लागू झाला. त्या काळीं तेथें दहा लाखांहून अधिक लोक बेकार होते. कोळशाच्या खाणी, जहाजांचे कारखाने आणि कापडाच्या गिरण्या जेथें होत्या त्या भागांत तर काम नाहीं हें लहान मुलांसही ठाऊक होतें. तरी मनुष्यानें ह्या फाटकापासून त्या फाटकापर्यंत पायपीट करावी, आणि अमुक दिवशीं आपण कोठें कोठें गेलों हें समितीपुढें सांगावें, अशी अपेक्षा असे. ज्याला नीट सांगतां आलें नाहीं त्याचा अर्ज नामंजूर होई. असे लक्षावधि अर्ज नामंजूर झाले. शेवटीं १९३० त तो नियम काढून टाकावा लागला. त्या पायपिटीनें एक खाणही उघडली नाहीं. कित्येकांचे जोडे मात्र झिजले, आणि त्याबरोबर स्वतःविषयींचा आदरही झिजला.

ह्याचेंच एक अधिक सौम्य उदाहरण हॉलंड देशांत आढळतें. तेथें केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तान्त २००६ सालीं प्रसिद्ध झाला. काम लागण्याची आशा ज्यांना बरीच होती अशा बेकारांपैकीं कांहींस कचेरीच्या देखरेखीखालीं ठेविलें व कांहींस तसें ठेविलें नाहीं. देखरेखीखालील लोकांस काम विशेष लवकर लागलें असें दिसलें नाहीं. कारण काय, तर त्यांनीं ओळखीच्या माणसांस विचारणें कमी केलें आणि रीतसर अर्ज करणें वाढविलें. अर्जाची नक्कल कचेरींत दाखवितां येते. पण जुन्या सोबत्याच्या ओट्यावर बसून, 'तुमच्याकडे कांहीं आहे का?' म्हणून विचारलें, तर त्याची नक्कल कोठून आणावी? मोजणारा जें मोजतो तेंच वाढतें. जें मोजतां येत नाहीं तें हळूहळू सुटतें, जरी काम त्याच वाटेनें मिळावयाचें असलें तरी.

मग धाक पुरत नाहीं, तर नुसता धीर पुरेल काय? ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं, बेकार मनुष्याच्या ठिकाणीं काय कमी होतें हें समजून घेतलें पाहिजे. ह्याविषयीं ऑस्ट्रिया देशांत व्हिएन्ना शहराजवळ मारिएनथाल म्हणून एक गांव आहे, त्याची हकीकत प्रसिद्ध आहे. सारें गांव एका सुताच्या गिरणीवर जगत होतें. १९२९ व १९३० ह्या सालांत ती गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झायझेल ह्यांनीं आपल्या सोबत्यांसह तेथें जाऊन लोकांचें जिणें पाहिलें, व १९३३ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. कोणास वाटेल कीं, हातीं रिकामा वेळ आला म्हणजे माणसें अधिक वाचतील, अधिक हिंडतील, अधिक खटपट करतील. झालें उलट. गांवच्या ग्रंथालयांतून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत सुमारें निम्म्यावर आली. रस्त्यानें जाणाऱ्यांची चाल खिडकींतून घड्याळ लावून मोजली, तेव्हां पुरुष बायकांपेक्षां सावकाश चालत व वारंवार थबकत असें आढळलें. पुष्कळ पुरुषांनीं घड्याळ बाळगणेंही सोडलें होतें. बायकांचें तसें झालें नाहीं. कारण चूल, पाणी, मुलेंबाळें हें त्यांचें काम सुटलें नव्हतें.

ह्या पुरुषांस आळशी म्हणणें फार सोपें होतें. परंतु कालपरवांपर्यंत गिरणीच्या भोंग्यावर उठून जाणारीं तींच हीं माणसें होतीं. त्यांचा स्वभाव एका वर्षांत बदलला असें नव्हे. यत्न आणि फळ ह्यांच्यामधला धागा तुटला होता. पेरलें तर उगवेल, असा शेतकऱ्यास विश्वास असतो म्हणून तो तापलेल्या उन्हांत ढेकळें फोडतो. जमीन खडक आहे अशी एकदां खात्री पटली, म्हणजे तोच शेतकरी औत सोडून बांधावर बसतो. त्यास 'उठ' म्हणून दरडावलें तर तो उठेलही. परंतु तो खडकावरच नांगर ओढील. आणि 'बस, होईल कांहीं तरी' म्हटलें, तर तो बसून राहील. दोन्ही उत्तरांनीं तो धागा सांधला जात नाहीं.

तो कसा सांधावा, ह्याचें एक लहानसें पण उपयोगी उदाहरण दक्षिण आफ्रिकेंतून मिळतें. तेथें बेकार तरुणांवर केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तान्त २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं तरुणांकडून काम शोधण्याची तपशीलवार योजना त्यांच्याच हातानें लिहवून घेतली. ज्यांनीं अशी योजना केली त्यांचे अर्ज इतरांपेक्षां शेंकडा १५ नें वाढले. कामाचीं बोलावणीं शेंकडा ३० नें वाढलीं. आणि काम मिळालेल्यांची संख्या शेंकडा २६ नें वाढली. विशेष हें कीं, शोधण्यांत घालविलेले तास वाढले नाहींत. तितक्याच वेळांत शोध अधिक जागीं व अधिक वाटांनीं झाला. येथें कोणी कोणास दरडावलें नाहीं. पण कोणी 'होईल कांहीं तरी' असेंही म्हटलें नाहीं. इच्छा त्या तरुणांजवळ होतीच. इच्छा आणि पाऊल ह्यांच्यामधली पायरी त्यांस बांधून हवी होती, आणि ती त्यांच्याकडूनच बांधवून घेतली.

आणखी एक गोष्ट. २०१० सालच्या ज्या तिघा विद्वानांचा उल्लेख वर आला, त्यांच्याच दुसऱ्या एका निबंधांत असें आढळलें कीं, सल्लागार आणि बेकार हे वय, शिक्षण, राष्ट्र आणि स्त्री अथवा पुरुष असणें ह्या सर्व बाबतींत सारखे असले, तर काम लागण्याचें प्रमाण शंभरांत सुमारें तिघांनीं वाढतें. एकाच बाबतींत सारखे असून मात्र कांहीं फरक दिसला नाहीं. ह्याचें कारण आपल्या अनुभवावरून समजण्यासारखें आहे. जो आपल्यासारखें जिणें जगला आहे, त्याला आपली लटकी सबब कोणती व खरी अडचण कोणती हें न सांगतां कळतें. तो कठोर बोलला तरी त्याचा शब्द परक्याच्या शब्दासारखा लागत नाहीं.

येथें आपल्या प्रश्नाची गांठ सुटते असें मला वाटतें. धाक कीं धीर, असा प्रश्न करणें हीच चूक आहे; खरा प्रश्न असा कीं, सल्लागाराचा कडकपणा कोणाच्या बाजूनें उभा आहे? वहीच्या बाजूनें, कीं मनुष्याच्या? नव्या गोऱ्ह्यास नुसत्या पराणीनें औत शिकवितां येत नाहीं, आणि नुसत्या गोंजारण्यानेंही शिकवितां येत नाहीं. शहाणा शेतकरी त्यास जाणत्या बैलाबरोबर जुंपतो. जूं दोघांच्याही मानेवर असतें; जाणता बैल त्यास थांबूं देत नाहीं, पण एकट्यास ओढावयासही लावीत नाहीं. ज्या सल्लागाराच्या कडकपणांत स्वतःची मानही जुंपलेली असते, त्याचा कडकपणा धीरासारखा लागतो. आणि ज्याच्या धीरांत स्वतःचे कांहींच श्रम नसतात, त्याचा धीर शेवटीं अपमानासारखा लागतो.

परंतु इतकें झालें तरी एक गोष्ट राहते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलें तर वरील सर्व विचार अन्यायाकडे जाईल. फ्रान्स देशांत शिकलेल्या बेकार तरुणांस काम मिळवून देण्यास साह्य करण्याची एक योजना होती. तिची परीक्षा एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सोबत्यांनीं २३५ भागांत केली, आणि २०१३ सालीं ती प्रसिद्ध झाली. ज्यांस साह्य मिळालें त्यांपैकीं अधिक तरुणांस आठ महिन्यांनंतर टिकाऊ काम लागलेलें आढळलें. परंतु त्यांनीं त्याच भागांतील साह्य न मिळालेल्या तरुणांकडेही पाहिलें, तेव्हां ह्या लाभाचा कांहीं अंश त्यांच्या तोट्यांतून आला होता असें दिसलें. म्हणजे ओळींतील एकास पुढें सरकविलें, तेव्हां दुसरा मागें गेला. जेथें जागा थोड्या आणि माणसें फार, तेथें सगळ्यांनीं सारखा यत्न केला तरी कोणी तरी बाहेर राहणारच. अशा ठिकाणीं जो बाहेर राहिला त्यास 'तूं यत्न केला नाहींस' असें म्हणणें, हें असत्य बोलणें आहे. आणि तें असत्य दुबळ्याच्या माथीं बसतें.

द्राक्षमळ्याचा दाखला आपल्या वाचकांस पाठ आहेच. दिवस कलतां कलतां घरधनी बाजारांत जातो व रिकामीं उभीं असलेलीं माणसें पाहून त्यांस कारण विचारतो. आपणांस कोणी कामावर लाविलें नाहीं, असें तीं सांगतात. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, धन्यानें प्रश्न विचारला खरा, पण उत्तर मिळाल्यावर पुरावा मागितला नाहीं. सकाळपासून किती दारें ठोठावलीं, हें त्यानें मोजून घेतलें नाहीं. त्यानें त्यांस मळ्यांत पाठविलें. पौलानें थेस्सलनीकाकरांस कामाविषयीं कडक शब्द लिहिले आहेत हें खरें; पण तेथें ज्याला काम करण्याची इच्छा नाहीं त्याला दोष दिला आहे, ज्याला काम मिळत नाहीं त्याला नव्हे. ह्या दोहोंत भेद न करितां तें वचन गरिबाच्या तोंडावर फेंकणें हा त्या वचनाचा दुरुपयोग होय.

इच्छा आहे कीं नाहीं, ह्याची प्रामाणिक परीक्षा एकच. ती म्हणजे काम देऊन पाहणें. ह्या बाबतींत आपल्या महाराष्ट्रास अभिमान वाटावा असें एक उदाहरण आहे. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळांत मोठ्या प्रमाणावर चालली, आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. त्या कायद्यानें मजुरास, 'तूं काम शोधलेंस हें सिद्ध कर,' असें म्हटलें नाहीं. 'काम माग, पंधरा दिवसांत देऊं, न दिलें तर भत्ता देऊं,' असें म्हटलें. जो उन्हांत खडी फोडावयास आला त्यानें आपली इच्छा हातानें सिद्ध केली. पुढें २००५ सालीं साऱ्या देशासाठीं तसा कायदा झाला, त्यांत काम मागणारास तारीख घातलेली पोंच देण्याचें ठरलें होतें. ही पोंच म्हणजे क्षुल्लक कागद नव्हे. जेथें मागणी लिहून घेणाऱ्यानें पोंच दिली नाहीं, तेथें मजुराचा यत्न कागदावर उमटलाच नाहीं, आणि गांवांत कामाची मागणीच नाहीं असें वर कळविलें गेलें. पाहा, येथेंही यत्न दोघांच्या हातीं आहे.

सुशिक्षितांसाठीं आपल्या देशांत सेवायोजन कचेऱ्या १९४५ पासून निघाल्या. प्रथम त्या लढाईवरून परतलेल्या शिपायांसाठीं होत्या, व १९४८ पासून सर्वांस खुल्या झाल्या. तेथें कित्येक पिढ्यांनीं नांवें नोंदविलीं व कार्डें घेतलीं. परंतु समोर बसून, 'तुझें कसें चाललें आहे?' म्हणून विचारणारा मनुष्य त्यांतील फार थोड्यांस लाभला. म्हणून खेड्यांत तें काम शिक्षकावर, उपदेशकावर, ग्रामपंचायतींतील जाणत्या मनुष्यावर किंवा शहरांत नोकरीस असलेल्या नातलगावर येऊन पडतें. त्याच्या हातीं भत्ता नाहीं, म्हणून तो कापण्याचा अधिकारही नाहीं. परंतु शब्द आहे, आणि चिठ्ठी लिहिण्याची लेखणी आहे. तेव्हां वरील विचारांतून त्यानें चार गोष्टी घ्याव्या.

पहिली ही कीं, भेटीची वेळ दिली तर ती मोडूं नये. आपल्यास ती अर्धी घटका असते. समोरच्यास ते दहा दिवस असूं शकतात. दुसरी ही कीं, 'कांहीं पाहतोस कीं नाहीं?' असें मोघम विचारूं नये. सोमवारीं कोठें जाणार, कोणास भेटणार, एस्टीचें भाडें किती लागेल, शाळेचा दाखला हातीं आहे काय, असें नेमकें विचारावें व त्याच्याच हातानें लिहवून घ्यावें. आणि ठरलेल्या दिवशीं पुनः विचारावें. हा कडकपणा आहे, पण तो त्याच्या बाजूचा आहे. तिसरी ही कीं, जो यत्न दिसत नाहीं तोही यत्नांत धरावा. मामाच्या गांवीं जाऊन चार माणसांस विचारून आलेला मुलगा रिकामा हिंडून आला असें म्हणूं नये. आणि चौथी, सर्वांत कठीण अशी, ही कीं, जेथें काम नाहीं तेथें नाहीं म्हणून सांगावें. खोटी आशा दाखवून त्यास उन्हांत फिरवूं नये, आणि फिरून रिकाम्या हातानें परतल्यावर तूंच कमी पडलास असेंही म्हणूं नये.

ज्याचें काम सुटलें त्याचा पगार जातो, हें सर्वांस दिसतें. आपल्या श्रमास अर्थ आहे हा त्याचा विश्वासही त्याबरोबर जाऊं लागतो, हें थोड्यांस दिसतें. पगार देणें आपल्या हातीं नसेल. पण तो विश्वास राखणें किंवा मोडणें पुष्कळदां आपल्या एका उत्तरावर असतें. म्हणून दारीं आलेल्या बेकार मनुष्यास उत्तर देण्यापूर्वीं त्यास आधीं बसावयास सांगावें, त्याचें सारें म्हणणें ऐकून घ्यावें, आणि मग त्याच्याबरोबर आपण किती पावलें चालणार आहों हें मनाशीं ठरवून तोंड उघडावें.